पाडायला हरकत नाही

घर पाडायचं ठरलं तेव्हा कंपाउंडर खाली दाढी करत होते आणि त्यांची बायको वरच्या मजल्यावर खिडकीशी उभी होती. मधे जिना होता. त्यामुळे ते नेमकं कुणी ठरवलं, हे पुढे तीन महिने कुणालाच धड सांगता येईना.

नुकताच मुलीचा फोन येऊन गेला होता. मुलगी परगावी राहते आणि दर रविवारी फोनवरून आईवडिलांना धारेवर धरते. त्या दिवशी तिचा विषय जिना होता. "बाबा, तो जिना नाही, शिडी आहे. आईचे गुडघे बघता एक दिवस काहीतरी होऊन बसेल. ते घर पाडा आणि सगळं एका मजल्यावर बांधा." कंपाउंडरांनी फोन ठेवला, गालांना साबण फासला आणि एक गाल उरकल्यावर वर मान करून मोठ्यानं विचारलं, "अगं, या घराचं काय करायचं मग?"

वरच्या खिडकीबाहेर वळचणीला गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. बाई आठवडाभर त्याच्यावर डोळा ठेवून होत्या, आणि त्याच सकाळी एक माशी त्यांच्या कोपराला डसली होती. कोपरावर ओलं फडकं दाबत त्या तिथूनच ओरडल्या, "पाडून टाका एकदाचं. मला त्याच्याकडे बघवत नाही."

कंपाउंडरांच्या हातातला वस्तरा थांबला. लग्न झाल्यापासून ते या घरात राहत होते. त्यांचं स्वतःचं म्हणाल तर भिंतीतला खिळासुद्धा उपटायची त्यांची तयारी नव्हती. पण बायकोला घराकडे बघवत नाही आणि तिनं इतकी वर्षं चकार शब्द काढला नाही, हे ऐकून त्यांचा दुसरा गाल साबणासकट तसाच राहिला.

आता कुणी म्हणेल, जिना चढून जायचं आणि नीट विचारायचं. पण कंपाउंडरांनी चाळीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधं दिली होती. चिठ्ठीत काय लिहिलंय ते बाहेर बसून आपलं आपण लावायचं. चिठ्ठी घेऊन पुन्हा आत विचारायला जाणं त्या कामात कमीपणाचं. कसल्याही अक्षराचा अर्थ लावणारा माणूस अशी गल्लीत त्यांची ख्याती होती, आणि त्या ख्यातीला जागून त्यांनी याही चिठ्ठीचा अर्थ लावला. संध्याकाळी ते फिरायला गेले असताना बाईंनी शेजारच्या रंगाऱ्याला बोलावून, लांब काठीनं गांधीलमाश्यांचं घर पाडून घेतलं. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं मिटला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कंपाउंडर कचेरीत हजर झाले. त्यांची गल्ली वारसा परिसरात मोडत होती. म्हणजे तिथलं कुठलंही घर पाडायचं तर वारसा समितीची परवानगी लागे. समितीच्या लेखनिकानं फॉर्म पुढे ओढला.

"घराला वारसा आहे?"

"एक मुलगी आहे," कंपाउंडर म्हणाले. "परगावी असते."

"ते नाही हो. तुम्ही गेल्यावर ज्याला घर मिळतं तो वारस. घर गेल्यावर लोकांना ज्याचं वाईट वाटतं तो वारसा."

"मग आहे," कंपाउंडर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा बसला. लेखनिकानं त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. वाईट वाटणारे लोक सहसा हरकत घ्यायला येत, अर्ज करायला नाही. पण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसल्यामुळे त्यानं पुढचा प्रश्न घेतला. घर दोघांच्या नावावर होतं. सहमालकाची हरकत नसेल तर 'नाही' असं लिहून सही हवी होती, असेल तर कारण हवं होतं. शिवाय आजूबाजूच्या सहा घरांचंही तेच.

इथं बाईंच्या बोलण्याची एक तऱ्हा सांगायला हवी. त्यांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'नाही'नं सुरू होई. 'नाही, घेते ना मी चहा.' 'नाही, छानच बसलाय तुला.' वरच्या मजल्यावर त्या शिवणक्लास चालवत, आणि पहिल्या आठवड्यात नव्या मुली त्या 'नाही'नं गडबडून हातातली कात्री खाली ठेवत. नंतर त्या वाक्य पुरतं होईपर्यंत थांबायला शिकत. कंपाउंडर तर केव्हाच शिकले होते. 'नाही' हा शब्द त्यांना आता ऐकूच येत नसे.

त्यांनी फॉर्म बाईंच्या पुढे ठेवला. बाईंनी तो वाचला. मग मशीनवरचं कापड सारखं केलं, पुन्हा वाचला.

"घर पाडायचं म्हणताय?"

"हो. म्हणजे आता ठरलंच आहे तर."

ठरलंय म्हणजे यांनी ठरवलंय, असा बाईंनी अर्थ घेतला. तो चूक कसा म्हणणार? "नाही, तुमच्या मनात असेल तर माझी काही हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि झटक्यात सही करून तोंड धुवायला उठून गेल्या. बघा, किती उतावीळ झालीय, कंपाउंडरांना वाटलं. बाई बराच वेळ तोंड धूत होत्या.

शेजाऱ्यांचीही तीच गत. रंगारी म्हणाला, "वाईट वाटतं हो. पण तुमचं घर, तुम्हाला नको. आम्ही कोण हरकत घेणारे?" समोरची शाळामास्तरीण सही करताना म्हणाली, "रोज सकाळी तुमची वरची खिडकी उघडली की मी घड्याळ लावते. पण असू दे, माझी हरकत नाही." एकानंही हरकत घेतली असती तर कंपाउंडरांनी त्याचे पाय धरले असते. पण सगळी माणसं भली निघाली, तिथं ते काय करणार?

तीन आठवड्यांनी पत्र आलं. घर वारसा परिसरात असल्यामुळे पाडण्याची परवानगी नाकारण्यात येत आहे. कंपाउंडरांनी ते दारातच वाचलं, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की शीळ घालावी. पण बायकोचं स्वप्न मोडल्याची बातमी शीळ घालत देणं बरं दिसलं नसतं. म्हणून ते तोंड पाडून जिना चढले. तोंड पाडायला कुठल्याच समितीची परवानगी लागत नाही.

"नाकारली," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांना नवऱ्याचं पडलेलं तोंड दिसलं आणि त्यांचा जीव कळवळला. या माणसानं आजवर स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. एवढी एक गोष्ट मागितली तर तीही मिळू नये? त्यांनी पत्र हातात घेतलं आणि शेवटची ओळ बोटानं दाखवली.

"नाही, असं कसं? अपील करता येतं म्हणे."

"करायचं म्हणतेस?" कंपाउंडरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"नाही, करायलाच पाहिजे. एवढं मनावर घेतलंय तर."

मनावर कुणी घेतलंय, ते वाक्यात आलं नाही. आपली भाषा अशा वेळी माणसाला फार सवलत देते. कंपाउंडरांनी सुवाच्य अक्षरात अपील लिहिलं आणि आपल्याच घराच्या मुळावर घाव घालून, वळणदार सही करून ते टपालात टाकलं.

अपील आलं म्हणजे पाहणी आली. एका सकाळी अकरा वाजता समिती दारात उभी राहिली. अध्यक्षांच्या काखेत फाईल होती. आर्किटेक्ट मॅडमच्या हातात मोजायची टेप होती. तिसरे इतिहासाचे सर. ते निवृत्त झाले होते, पण कुठलीही गोष्ट कोणत्या साली घडली हे विचारायचं त्यांनी सोडलं नव्हतं. या तिघांपुढे घराची जेवढी म्हणून निंदा करता येईल तेवढी करायची, असं कंपाउंडर रात्रभर मनाशी घोकत होते.

"हा जिना बघा," त्यांनी सुरुवात केली. "सतरा पायऱ्या. अगदी उभा. काही कामाचा नाही."

"कठडा सुरेख आहे," मॅडम म्हणाल्या.

"एका लाकडातला आहे. एक खिळा नाही त्याच्यात. खालून वरपर्यंत हात फिरवा, कुठं सांधा लागला तर मला सांगा." तिघांनीही हात फिरवला. अध्यक्षांनी तर खाली येऊन दुसऱ्यांदा फिरवला. तेव्हा कंपाउंडर भानावर आले. "म्हणजे तसा टाकाऊच आहे," ते घाईघाईनं म्हणाले.

"कोणत्या साली?" सरांनी विचारलं.

वर बाई मशीनशेजारी उभ्या होत्या. नवऱ्याची बाजू उचलून धरायची, असं त्यांनीही ठरवलं होतं. "नाही, भिंती तर अगदी निकामी," त्या म्हणाल्या. "बाहेर भाजत असलं तरी आत गार. बाहेर गारठा असला तर आत ऊब. बाहेरच्या हवेचा त्यांना पत्ताच नसतो."

"हा दोष आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, आणि या खिडकीतून चार वाजता ऊन येतं ते नेमकं मशीनच्या सुईवर. सुईत दोरा ओवायला दिवा लागत नाही."

"मग हे चांगलं झालं की."

"नाही, चांगलंच आहे. पण पाडायचंय ना."

मॅडमनी टेप गुंडाळायची थांबवली. "एक विचारू? पाडायचंय कशासाठी?"

"हिच्यासाठी," कंपाउंडर म्हणाले. "यांच्यासाठी," बाई म्हणाल्या. दोघं एकदमच बोलले, आणि त्याच वेळी सरांनी कपाटाचं दार उघडल्यामुळे ते असं करकरलं की दोघांनाही एकमेकांचं ऐकू गेलं नाही. मॅडमना मात्र दोन्ही ऐकू आलं. त्यांनी वहीत 'कारण : एकमेकांसाठी' असं लिहिलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

समिती रस्त्यावर आली. अध्यक्षांनी कपाळ पुसलं. "माझ्या तर काही ध्यानात आलं नाही. पाडायचंय म्हणतात, आणि घर असं दाखवतात की आपणच राहायला यावं."

"यात डाव आहे," सर म्हणाले.

"कसला?"

"तो कळला असता तर त्याला डाव कोण म्हणेल?"

सुनावणीचा दिवस उजाडला. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. बाईंना ते जिने चढायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत कंपाउंडर त्यांच्या एक पायरी मागे राहून उगाचच भिंतीवरच्या सूचना वाचत होते. आत लांबलचक टेबल होतं. पलीकडे समिती, टोकाला लेखनिक, अलीकडे हे दोघं. त्यांच्या घराचं काय व्हायचं ते आज या टेबलावर होणार होतं, आणि समितीचा हुकूम झाला की पुढे कुठं दाद मागायची सोय नव्हती.

"बोला, अर्जदार," अध्यक्ष म्हणाले.

कंपाउंडरांनी खिशातून चिठ्ठी काढली. औषधाच्या बाटलीला चिकटवतात तशी ती अरुंद होती आणि तिच्यावर तीन मुद्दे होते. पहिले दोन त्यांनी पुटपुटत उरकले. तिसरा मात्र त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाचला. "आणि मुख्य म्हणजे, माझ्या पत्नीला या घरात कधी सुख लागलं नाही. तिला या घराकडे बघवत नाही. इतकी वर्षं तिनं सोसलं, आता तरी तिच्या मनासारखं व्हावं."

बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. अध्यक्षांचं लक्ष फाईलमध्ये होतं. "सहमालक, तुमची काही हरकत?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि लेखनिकानं 'नाही' लिहिलं. "आहे ना माझी हरकत."

लेखनिकाची लेखणी थांबली. "नाही की आहे?"

"नाही, आहे."

"बाई, दोन्ही कसं लिहिणार? आहे की नाही, एकच सांगा."

"नाही, आहेच."

लेखनिकानं असहायपणे अध्यक्षांकडे पाहिलं. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या नवऱ्याला विचारत होत्या, "मला घराकडे बघवत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी? कधी?"

"मागे एका रविवारी. मी दाढी करत होतो. घराचं काय करायचं म्हणून विचारलं, तर तू वरून म्हणालीस, पाडून टाका एकदाचं, मला त्याच्याकडे बघवत नाही."

बाई आठवू लागल्या. आठवता आठवता त्यांचा हात आपोआप कोपराकडे गेला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ते मी गांधीलमाश्यांच्या घराला म्हटलं."

सगळे बाईंच्या कोपराकडे बघू लागले. अशा वेळी लेखनिकाला आपल्या कर्तव्याची आठवण झाली. "गांधीलमाशी जोडून लिहू की तोडून?"

"थांबा हो जरा," अध्यक्ष म्हणाले. "कुठलं घर? कुणी पाडायचं होतं?"

"ते पाडलं त्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "रंगाऱ्यानं."

"परवानगीशिवाय?" लेखनिकानं विचारलं.

कंपाउंडर खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू यांची रस्सीखेच चालली होती. "म्हणजे तुला घर पाडायचं नाहीये?"

"मला कशाला पाडायचंय? पाडायचंय तुम्हाला. मी आपली तुमच्याखातर गप्प बसले."

"मला? मी तर तुझ्याखातर अपील केलं."

"म्हणजे डाव नव्हताच," सर हिरमुसून म्हणाले. मॅडमनी वही उघडून ते प्रश्नचिन्ह खोडून टाकलं.

इथं खरं तर सगळं संपायला हवं होतं. कंपाउंडर उठले, त्यांनी समितीला हात जोडले आणि अपील मागे घेतो म्हणाले. पण अध्यक्ष नियमांचं पुस्तक उघडून बसले होते. सुनावणी सुरू झाल्यावर अपील मागे घेता येत नाही. सहमालकाची हरकत लेखी नोंदली गेलेली. आता अर्जदारानं तिला उत्तर द्यायलाच हवं, त्याशिवाय समितीला निर्णय देता येत नाही.

"पण माझं उत्तर हेच, की हिचं बरोबर आहे."

"ते उत्तर नाही झालं. अपील घर पाडण्यासाठी आहे. तुम्ही म्हणायचं, पाडावं. का पाडावं ते सांगायचं. त्या म्हणणार, पाडू नये. मग आम्ही त्यांचं ऐकून तुमचं अपील फेटाळू, की तुम्ही घरी जायला मोकळे. पाच मिनिटांचं काम आहे. दोन शब्द बोला."

"खोटंच?"

"खरं बोललात तरी चालेल," अध्यक्ष म्हणाले. ते दमले होते.

कंपाउंडर उभे राहिले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. कडू औषध गोड आहे असंसुद्धा त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. घर पाडावं याला खरं कारण काय, ते त्यांनी शोधून पाहिलं, आणि त्यांना एकच सापडलं.

"जिना आहे, साहेब," ते म्हणाले. "सतरा पायऱ्या. ही दिवसातून चारदा खालीवर करते. उतरायला लागली की मी पेपर घेऊन जिन्याखालच्या खुर्चीत येऊन बसतो. वाचत काहीच नाही, पायऱ्या मोजतो. अकराव्या पायरीवर ही थांबते आणि गुडघा धरते. तेवढा वेळ मला श्वास घ्यायचं सुचत नाही. बारावी वाजली की पुढचं मोजतो. सतरा झाल्या की पान उलटतो. विचारलं तर म्हणणार, नाही, काही नाही, दोरा अडकला होता पायात." त्यांनी चिठ्ठीची घडी केली. "दवाखान्यात जिन्यावरून पडलेली माणसं यायची. हात धरून आणायचे त्यांना. मी मलमपट्टी करायचो, हसवायचोसुद्धा. आता घरात पातेलं पडलं तरी माझ्या हातापायांतलं बळ जातं. घर मला फार आवडतं, साहेब. पण मला भीती वाटते. एवढंच आहे."

ते बसले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. सरांनी साल विचारलं नाही.

"बोला बाई," अध्यक्ष मऊपणानं म्हणाले. "तुम्ही आता फक्त म्हणायचं, माझी हरकत कायम आहे."

बाईंचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं हा माणूस जिन्याखाली बसून काय करतो, हे त्यांना आज कळलं होतं. "नाही," त्या म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. सगळे वाक्याच्या पुढच्या भागाची वाट पाहू लागले. लेखनिकसुद्धा आता शहाणा झाला होता. "नाही, यांचं बरोबर आहे. माझी हरकत नाही. पाडा घर."

"अगं," कंपाउंडर म्हणाले.

"बाई, असं नव्हतं ठरलं," अध्यक्ष म्हणाले.

पण लेखनिकानं तोवर 'हरकत मागे घेतली' असं लिहून खाली दुहेरी रेघसुद्धा मारली होती. अर्जदार म्हणतो पाडावं, आणि कारण इतकं खरं की त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. सहमालकाची हरकत नाही. सहा शेजाऱ्यांची नाही. अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं. मॅडम टेपशी चाळा करत होत्या. "तो कठडा," त्या म्हणाल्या. "पण घरवाल्यांचीच हरकत नसेल तर मी कशी घेऊ?" अध्यक्षांनी उजवीकडे पाहिलं. सर म्हणाले, "माझीही नाही," आणि चष्मा पुसू लागले. त्या खोलीतल्या सहा माणसांपैकी एकालाही ते घर पडायला नको होतं, आणि ते पाडण्याची परवानगी सहाही जणांच्या देखत, बिनविरोध मंजूर झाली. लेखनिकानं शिक्का मारला. परवानगी एक वर्ष लागू राहील, म्हणून सांगितलं.

दोघं बाहेर जिन्याच्या तोंडाशी आले. कंपाउंडरांच्या हातात कागद होता. कचेरीतली माणसं त्यांना वळसा घालून खालीवर करत होती.

"पेपर उलटा असायचा तुमचा," बाई म्हणाल्या. "कितीदा तरी. मला वाटलं, नजर गेली यांची आणि सांगत नाहीत. म्हणून तर सही केली मी. म्हटलं, दिसत नसताना यांनी तो जिना चढायला नको."

"मला चांगलं दिसतं."

"ते आता कळलं."

कंपाउंडर एक पायरी खाली उतरून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. आज पेपर नव्हता आणि भिंतीवरच्या सूचना वाचून झाल्या होत्या. बाईंनी हात धरला.

"मग काय?" कंपाउंडरांनी विचारलं. चाळीस वर्षांची सवय मोडून, अगदी समोर उभं राहून, चेहऱ्याकडे बघत. "पाडायचं आपलं घर?"

"नाही."

कंपाउंडर पुढच्या वाक्यासाठी थांबले. खालून एक शिपाई फाईलींचा गठ्ठा घेऊन वर आला, त्यांच्या बाजूनं निघून गेला, तरी ते थांबलेलेच होते.

"पुढे?"

"पुढे काय? नाही म्हटलं ना. मशीन खाली आणा आणि पलंग खाली आणा. मुली येतील खाली शिकायला."

"आणि सुईवरचं ऊन?"

"दिवा लावीन. जिवापेक्षा दोरा जास्त आहे का?"

ते उतरू लागले. एक पायरी, मग दुसरी. मधल्या वळणावर बाई थांबल्या आणि त्यांनी गुडघा धरला. या वेळी दोरा अडकल्याचं सांगितलं नाही. कंपाउंडर शेजारी उभे राहिले. रविवारी फोन येणार होता, आणि तो आताच त्यांच्या कानात वाजू लागला होता.

"पोरीला काय सांगायचं? परवानगी मिळाली म्हटलं की ती म्हणणार, मग पाडत का नाही?"

"सांगा, बाबांची हरकत आहे."

"माझी एकट्याची? तुझी नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला, "माझीपण आहे."